भिंत नियमात बसते

अहिल्याच्या मोटरसायकलवरचा प्रायोजकाचा स्टिकर पाव इंच खाली लागला होता, त्यामुळे शनिवारी सकाळी ती मोटरसायकल रेससाठी असुरक्षित ठरली. तपासनिसाने पट्टी लावली, ओठ आवळले आणि दुःखाची बातमी घेऊन आल्यासारखी टोपी काढून म्हणाला, "सॉरी. सुरक्षेच्या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही."

ट्रॅकच्या नवव्या वळणावर, जिथे अहिल्यासारखे रेसर ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने येतात, तिथे बाहेरच्या बाजूला एक उघडी काँक्रीटची भिंत उभी होती. ती मात्र नियमात बसत होती.

"बसते म्हणजे कशी बसते?" परीक्षितने विचारलं.

"ट्रॅक बांधला तेव्हापासून बसलेलीच आहे," तपासनीस म्हणाला, आणि त्याने अहिल्याच्या हातात नवा स्टिकर ठेवला.

परीक्षित हा अहिल्याचा नवरा. मूळचा पुण्याचा, नोकरी ॲरिझोनात चँडलरच्या एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात, आणि हुद्दा, हसू नका, सेफ्टी इंजिनियर. त्याच्या कारखान्यात जिना उतरताना कठडा धरावा लागतो. नाही धरला तर मागचा माणूस तुम्हाला प्रेमाने टोकतो, आणि त्याने नाही टोकलं तर त्याला टोकणारा तिसरा असतो. कॉफीच्या पेल्याला झाकण नसेल तर तो पेला टेबलावरून उठत नाही. मागच्या महिन्यात पार्किंगमध्ये एक जण स्वतःच्याच बुटाच्या नाडीत अडखळला. पडला नाही, नुसता अडखळला. त्यावर प्रेझेंटेशन झालं, आणि शेवटच्या स्लाइडवर त्या नाडीचा फोटो होता. सोमवार ते शुक्रवार परीक्षित असल्या जगात राहायचा. शनिवार-रविवार तो बायकोच्या मागून देशभर हिंडायचा, आणि ती गुडघा डांबराला घासत वळणं घेत असताना हातात एक पाटी धरून कडेला उभा राहायचा. पाटीवर तिचा नंबर आणि उरलेले लॅप, म्हणजे फेऱ्या. इथे टोकायला कोणी नव्हतं.

अहिल्याचा जन्म मात्र चँडलरचाच. तिने डेंटिस्ट व्हावं अशी आईबाबांची इच्छा होती. ती झालीही, सोमवार ते गुरुवार. उरलेल्या दिवसांत ती राष्ट्रीय मालिकेत मोटरसायकल चालवायची, आणि यंदा एकूण गुणांत दुसरी होती. पेशंटच्या दाढेला हात लावताना ती जितकी शांत असे, तितकीच शांत ती दोनशेच्या वेगातही असे. भीती वाटायचं सगळं काम तिने नवऱ्याकडे आउटसोर्स केलं होतं.

मागच्या वर्षी त्या भिंतीसमोर एअर-फेन्स होती. म्हणजे हवा भरलेली लांबच लांब गादी. रेसर घसरत आला की ती त्याला पोटात घेते आणि परत देते. यंदा गादी नव्हती. शुक्रवारच्या सरावात तिथे एक जण घसरला. तो कसाबसा अलीकडे थांबला, पण त्याची मोटरसायकल पुढे गेली आणि भिंतीवर तिचा पापड झाला. संध्याकाळी रेस डायरेक्टर डग याने लाउडस्पीकरवरून कर्मचाऱ्यांचं अभिनंदन केलं. कचरा विक्रमी वेळात उचलला गेला होता, आणि भिंतीचं कोणतंही नुकसान झालेलं नव्हतं.

"भिंतीचं!" परीक्षित रात्रभर अधूनमधून म्हणत होता. "भिंतीचं नुकसान नाही! भिंतीला विचारलं का, बाई, लागलं का गं तुला?"

शनिवारी दुपारी रेसच्या आधी सगळ्या रेसरांची मीटिंग झाली. डग उंच, उन्हात भाजलेला, सभ्य माणूस होता. आवाज कधी चढायचा नाही. त्याने बराच वेळ टोपी कुठल्या दिशेला घालून व्यासपीठावर चढावं याचे नियम समजावले. मग अहिल्याने हात वर केला.

"नऊची एअर-फेन्स?"

"ती टेक्सासमध्ये आहे," डग म्हणाला.

"आणि आपण ॲरिझोनात आहोत."

"बरोबर. म्हणूनच ती इथे नाही."

मागे उभ्या परीक्षितला राहवलं नाही. "तुमच्या नियमपुस्तकात लिहिलंय, योग्य वाटेल तिथे संरक्षक अडथळे उभारण्यात येतील. योग्य कोणाला वाटेल?"

"मला," डग म्हणाला.

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून झालंय, सर. आणि मीटिंग फक्त रेसरांसाठी आहे."

बाकीच्या रेसरांनी बुटांकडे बघितलं. सगळ्यांनाच ती भिंत खुपत होती, पण आपण एकट्याने माघार घेतली तर गुण बाकीच्यांना जाणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. गुणांत पहिला असलेला टायलर तेवढा पुटपुटला, "पडायचंच नाही, सिंपल," आणि हसला. कोणी साथ दिली नाही.

तंबूत परतल्यावर अहिल्या लेदरचा सूट चढवू लागली. परीक्षित तिच्या पाठीची चेन ओढत होता, म्हणजे ओढायला हवी होती. तो नुसता उभा होता.

"आज उतरू नकोस ना."

"मी नाही उतरले तर तो भिंत हलणार आहे का?"

"ती भिंत. भिंत ती असते."

"परीक्षित, मला आदळल्यावर जेंडर कळून काय करायचंय?"

"अगं, असं अभद्र काय बोलतेस! बरं, उतर. पण नवव्यावर स्लो घे. प्लीज. बाकी सगळीकडे काय हवं ते कर."

अहिल्या वळली. आपल्या पेशंटना रूट कॅनाल समजावतानाचा चेहरा तिने केला. "ऐक. मी एकटी स्लो झाले तर मागचा माझ्यावर येणार. मग मी आणि तो, दोघं वॉलमध्ये. स्लो व्हायचं तर सगळ्यांनी एकदम व्हायला हवं. आणि सगळे एकदम फक्त यलो फ्लॅगला स्लो होतात. पिवळा झेंडा हलताना दिसला की स्लो व्हायचं, ओव्हरटेक करायचं नाही. केलं तर पेनल्टी."

"मग लावा ना पिवळा झेंडा तिथे!"

"इन्सिडेंट झाल्याशिवाय लावत नाहीत. कोणीतरी आधी पडायला लागतं."

"म्हणजे आधी आपटा, मग सावकाश जा?"

"यार, रूल मी नाही लिहिला. चेन ओढ."

त्याने चेन ओढली. कारखान्यात एवढं ऐकून घेतलं असतं तर त्यालाच ट्रेनिंगला पाठवलं असतं.

इतक्यात गेटवरून फोन आला. संजयकाका आले होते. हे चँडलरच्या मराठी मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचे प्रमुख, आणि अहिल्याला लहानपणापासून ओळखणारे. निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, काकांनी पथक केलं होतं. आपली पोर एवढ्या जवळच्या ट्रॅकवर पळणार म्हटल्यावर ते पथक घेऊन हजर झाले होते. सगळ्यांच्या अंगात अहिल्याच्या नंबरचे टी-शर्ट. पण गेटवरच्या सिक्युरिटी गार्डने ढोल अडवले होते.

"आवाजाची मर्यादा आहे म्हणतो," काका फोनवर गरजले. "अरे, त्याच्या पाठीमागे तीस मोटरसायकली बोंबलताहेत! तो मला हे ओरडून सांगतोय, कारण त्याशिवाय मला ऐकू जात नाहीये!"

"काका, ढोल गाडीत ठेवा. भांडू नका."

"ठेवले. झेंडे तरी नेऊ देतो का विचार."

झेंडे न्यायला हरकत नव्हती. झेंड्यांना आवाज नसतो. पथकाचे चार मोठे भगवे ध्वज होते, माणसाच्या दीडपट काठ्यांचे. मुख्य गॅलरीत काठ्या चालत नाहीत म्हणून गार्डने त्यांना मोकळ्या टेकाडावर पाठवलं. ते टेकाड नवव्या वळणावर, भिंतीच्या मागे होतं.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी. हे ध्वज दोन वर्षं काकांच्या मागच्या अंगणात वाळत घातले होते. ॲरिझोनाचं ऊन माणसाचा रंग चढवतं आणि कापडाचा उतरवतं. ध्वज आता भगवे होते ते फक्त काकांच्या दृष्टीने.

रेस सुरू झाली. परीक्षित पिटच्या, म्हणजे टीमच्या गाड्या उभ्या राहतात त्या जागेच्या, कठड्यापाशी पाटी घेऊन उभा राहिला. तिथून नववं वळण दिसत नाही, फक्त कुठल्या टप्प्याला कोणाला किती वेळ लागला त्याचे आकडे स्क्रीनवर येतात. पहिला लॅप सरळ गेला. दुसऱ्या लॅपला नवव्याच्या टप्प्यावर सगळ्यांचेच आकडे एकदम वाढले. तिसऱ्यालाही. परीक्षितला वाटलं, कोणी पडलं. पण मोटरसायकली मोजल्या तर सगळ्या होत्या, आणि अहिल्या तिसरी होती. नवव्यावर कोणी कोणाला मागे टाकत नव्हतं. शाळेची पोरं प्रार्थनेला निघाल्यासारखे सगळे एका ओळीत येत होते.

परीक्षितने काकांना फोन लावला. "काका, तिकडे काय चाललंय?"

"अरे काय सांगू!" काकांना धाप लागली होती. "काय मान देतात रे ही पोरं! आम्ही ध्वज नाचवला की एकेक जण गाडी हळू करतो. एकाने तर मान झुकवली! अमेरिकेत एवढे संस्कार असतील असं वाटलं नव्हतं मला!"

परीक्षितच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला नाही. वळणावर अधिकृत झेंडे दाखवायला उभ्या मार्शलच्या डोक्यावरून, भिंतीच्या वर, चार प्रचंड पिवळी फडकी पूर्ण ताकदीने हलत होती, आणि तीस रेसर त्यांचा अर्थ नियमपुस्तकाप्रमाणे लावत होते.

नियमाने पाहिलं तर त्याने तत्काळ काकांना थांबवायला हवं होतं. त्याने फोन कानाला तसाच धरला. समोरून अहिल्या सुसाट गेली. पाटी दाखवायची राहिलीच.

"काका," तो म्हणाला, "हात दुखत नाहीत ना?"

"छे! आळीपाळीने करतोय."

"मग करत राहा."

सहाव्या लॅपला टायलर नवव्यावर पडला. पुढचं चाक सुटलं आणि तो पाठीवर घसरत, हातपाय पसरून भिंतीकडे निघाला. पण वेग एरवीपेक्षा बराच कमी होता. तो घसरत, घसरत, हळू होत, भिंतीपाशी येऊन थांबला. त्याच्या बुटाचा तळवा काँक्रीटला टेकला. तो तसाच पडून राहिला आणि बुटाकडे बघत राहिला. त्याची मोटरसायकल ट्रॅकच्या मधोमध पडली होती म्हणून लाल झेंडा निघाला आणि रेस थांबली.

मग डगला कोणीतरी सांगितलं की टेकाडावर आणखी एक मार्शल-पथक आहे, आणि ते आपलं नाही.

डगच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या ऑफिसात, चौकशी भरली. काका, परीक्षित आणि घामेजलेली अहिल्या एका बाजूला, डग दुसऱ्या बाजूला. मध्ये टेबलावर ध्वज.

"तुमच्या लोकांनी पिवळे झेंडे फडकावून रेसमध्ये अडथळा आणला," डग म्हणाला.

"पिवळे?" काका उभे राहिले. "कोण म्हणतं पिवळे?"

"सर, हा पिवळा आहे."

"हा भगवा आहे!"

"तो रंग कोणता?"

"सॅफ्रन! उन्हाने जरा उतरलाय. उतरला म्हणून काय झेंडा बदलतो? माझे केस उडाले, म्हणून मी काय तान्हं बाळ झालो?"

डगने शांतपणे तुलनेसाठी अधिकृत पिवळा झेंडा मागवला. तो आला. तोही बरीच वर्षं ॲरिझोनाच्या उन्हात काम करत होता. काकांच्या ध्वजाशेजारी ठेवल्यावर तो स्वच्छ पांढरा दिसू लागला. या रेसमध्ये पांढऱ्या झेंड्याचा अर्थ 'शेवटचा लॅप' असा होतो.

"तो मुद्दा वेगळा," डग म्हणाला आणि त्याने आपला झेंडा टेबलाखाली ठेवला. "मला एवढंच सांगा. हे मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम म्हणजे काय, चांगलं घाम गाळून केलं!" काका म्हणाले.

"काका, तुम्ही थांबा." परीक्षितने दीर्घ श्वास घेतला. खोटं बोलता येणं हा त्याच्या नोकरीत दोष समजला जातो. "यांना माहीत नव्हतं. मला तिसऱ्या लॅपला कळलं. मी थांबवलं नाही."

अहिल्याने मान गर्रकन वळवली. "यू व्हॉट?"

"टायलरचा बूट भिंतीला टेकला, अहिल्या. बूट. नेहमीच्या वेगात असता तर काय टेकलं असतं?" तो डगकडे वळला. "तुम्हीच सांगा ना. काय टेकलं असतं?"

"ती काल्पनिक परिस्थिती आहे," डग म्हणाला. "झेंडे ही खरी परिस्थिती आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच परीक्षितला कोणाच्या तरी डोक्यावर झाकण नसलेली कॉफी ओतावीशी वाटली.

निकाल लागला. झेंडे जप्त. टी-शर्टवर अहिल्याचा नंबर असल्याने पथक हा तिच्या टीमचा भाग, त्यामुळे रेस पुन्हा सुरू होताना ती सगळ्यांत शेवटी उभी राहणार. उरलेले लॅप अर्ध्या तासात.

"आणि भिंत?" परीक्षितने विचारलं.

"भिंतीविरुद्ध कोणतीही तक्रार सिद्ध झालेली नाही."

बाहेर आल्यावर अहिल्या त्याच्याशी बोलली नाही. हेल्मेट उचलताना एवढंच म्हणाली, "आता मला सगळ्यांना पास करायला लागणार. नवव्यावरसुद्धा. थँक्स." आणि निघून गेली.

त्याला ते बरोबर वर्मी लागलं. आपण तिला वाचवायला गेलो आणि तिला तीस जणांच्या गर्दीतून, अधिक घाईने, त्याच भिंतीशेजारून जायला लावलं. आता झेंडेही नाहीत.

टेकाडावर राहिलेलं पथक खाली आणायला तो आणि काका आडवाटेने नवव्या वळणावर गेले. डांबरापासून भिंतीपर्यंत टायलरच्या घसरण्याचा पांढुरका पट्टा उमटला होता, भिंतीला अगदी भिडलेला. परीक्षितने त्या पट्ट्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग त्याने कुंपणाच्या तुटक्या भागातून अंग आत घातलं, दोन्ही हात टेकले आणि तो भिंतीवर चढून, ट्रॅकच्या बाजूला पाय सोडून बसला.

भिंत नियमात बसत होती. परीक्षित भिंतीवर बसला.

"अरे ए!" काका म्हणाले. "दमलास का?"

"नाही."

वळणावरच्या मार्शल एक साठीच्या, नीटनेटक्या बाई होत्या. त्या लगबगीने आल्या. "सर, तुम्ही इथे बसू शकत नाही. आदळण्याच्या जागेत कोणी बसलेलं असताना रेस सुरू करता येत नाही. सक्त नियम आहे."

"म्हणजे इथे माणूस आदळू शकतो, हे नियमाला माहीत आहे?"

बाई विचारात पडल्या. "हो," त्या म्हणाल्या. "तसंच दिसतंय."

"मग मी बसतो."

"मला वरती कळवावं लागेल."

"कळवा की."

"थँक यू, सर." त्यांनी वॉकीटॉकीवर कळवलं आणि जाताना त्याला पाण्याची बाटली देऊन गेल्या.

"परीक्षित, उतर रे बाबा," काकांचा आवाज आता खरंच खाली आला होता. "याला ट्रेसपासिंग म्हणतात इथे. पोलीस आले तर? तुझं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय. तो प्रश्न असतो त्यात, कधी अटक झाली होती का."

"कशासाठी झाली, तेही विचारतात ना?"

"विचारतात."

"मग लिहीन. भिंतीवर बसलो म्हणून."

हे तो ऐटीत म्हणाला खरा, पण काकांकडे बघवेना. नजर कुठेतरी लावायला हवी म्हणून त्याने समोर बघितलं. भिंतीवरून बराच मुलूख दिसत होता. पिटच्या मागे जत्रा भरली होती: बर्गरचे तंबू, टोप्यांची दुकानं. एका एनर्जी ड्रिंक कंपनीने मुलांसाठी खेळायची जागा केली होती. मुलं एका लांबलचक, गुबगुबीत, निळ्या गादीवर धावत जाऊन अंग टाकत होती आणि उसळून परत येत होती. गादीच्या टोकाला रंगाने मोठ्ठा आकडा लिहिला होता. नऊ.

परीक्षितला आधी हसू आलं. मग ते आलं तसं आत गेलं आणि त्याच्या जागी असं काहीतरी वर आलं की काका दोन पावलं मागे सरकले.

"टेक्सास!" तो ओरडला. "ते बघा टेक्सास! टेक्सासवर पोरं उड्या मारताहेत!"

त्याने अहिल्याला फोन लावला. ती रेसच्या रांगेत सगळ्यांत मागे उभी होती. तिने उचलला तेव्हा आवाजात बर्फ होता. "परीक्षित, ते म्हणताहेत कोणीतरी वॉलवर बसलंय. प्लीज सांग तू नाहीयेस."

"मीच आहे. ऐक. तुझी एअर-फेन्स इथेच आहे. मुलांच्या खेळात लावलीये. त्यावर नऊ लिहिलंय. मला इथून दिसतंय."

पलीकडे हेल्मेट गाडीच्या टाकीवर ठेवल्याचा आवाज आला.

"शुअर?"

"एक पोरगं आत्ता तिच्यावर पोटावर पडलं. काही लागलं नाही त्याला. शुअर."

फोन बंद झाला. थोड्या वेळाने परीक्षितला भिंतीवरून दिसलं ते असं: लेदरचे सूट घातलेली तीस माणसं, त्या सुटांत माणूस बदकासारखाच चालतो, तशी बदकासारखी डुलत जत्रेत शिरली. सर्वांत पुढे अहिल्या, तिच्या शेजारी लंगडत टायलर. कंपनीची एक मुलगी आडवी आली. डग धावत आला. लांबून शब्द ऐकू येत नव्हते, पण डगचे हात 'करार, करार' म्हणत असावेत. नंतर कळलं, तो म्हणाला होता की ही सुरक्षेची वस्तू नसून ब्रँडचा अनुभव आहे. त्यावर टायलर म्हणाला होता, "मला तो अनुभव नवव्या वळणावर घ्यायचाय."

अहिल्याने पोरांना एका ओळीत उभं केलं, प्रत्येकाला सॉरी म्हटलं, तरी दोघं रडलीच. मग तीस जणांनी हवा काढलेली ती गादी खांद्यावर घेतली आणि भला मोठा अजगर वाहून न्यावा तशी ट्रॅक ओलांडून आणली.

त्याच वेळी परीक्षितला दोन गार्डनी भिंतीवरून उतरवलं. अहिल्या गादीचं टोक खांद्यावर घेऊन जवळून गेली. थांबली नाही. फक्त म्हणाली, "तुझा सगळा पाठ मळलाय."

"सगळी पाठ," तो म्हणाला.

पोलीस आले नाहीत. पोलिसांना बोलावलं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. डगने त्याला ट्रॅकवरून कायमची बंदी घातली आणि गार्डनी त्याला, आणि चूक नसताना काकांनाही, गेटबाहेर पार्किंगमध्ये नेऊन सोडलं. म्हणून उरलेली रेस परीक्षितने पाहिली नाही, ऐकली. कुंपणाला कपाळ लावून. मोटरसायकलींचा आवाज नवव्याकडे जायचा, क्षणभर दबायचा, आणि पुन्हा उठेपर्यंत तो मनात आकडे मोजायचा. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

अहिल्या शेवटून सुरू करून पाचवी आली. नवव्यावर कोणी पडलं नाही.

हेल्मेट काखेत मारून ती गेटपाशी आली तेव्हा केस कपाळाला चिकटले होते. ती आत, तो बाहेर, मधे गार्ड. "मी अजून तुझ्यावर चिडलेय," ती म्हणाली. "पण बेसिकली नवव्यावर पहिल्यांदा मी फक्त नवव्याचा विचार केला. वॉलचा नाही." आणि तिने कुंपणाच्या जाळीतून एक बोट बाहेर काढलं. त्याने ते धरलं.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. डगचा तोच सभ्य, न चढणारा आवाज. त्याने विजेत्यांचं अभिनंदन केलं. प्रायोजकांची माफी मागितली. मग म्हणाला, "विशेष आनंदाची गोष्ट म्हणजे नवव्या वळणावर बसवलेल्या एअर-फेन्सला आज एकही रेसर धडकला नाही. यावरून तिथे तिची गरज नव्हती हे सिद्ध झालं आहे. उद्याच्या रेसला ती मुलांना परत देण्यात येईल."

परीक्षितने तोंड उघडलं. त्याच्याकडे या विषयावर भरपूर माल होता. पण त्याच्या हातातलं बोट निघून गेलं होतं.

अहिल्या वळली होती. तिने हेल्मेट गार्डच्या हातात दिलं, हातमोजे ओढून काढले, तेही त्याच्याकडे दिले, आणि ती डगच्या ट्रेलरकडे चालू लागली. बदकासारखी नाही. टायलरच्या तंबूवरून जाताना ती थांबली नाही, नुसती बोटाने खूण केली, तसा तो उठून तिच्या मागून निघाला. त्याच्या मागून आणखी दोघं. कोणी तिला मागे टाकायचा प्रयत्न केला नाही.

भीतीचं काम इतकी वर्षं परीक्षितकडे होतं. रागाचं कोणाकडे होतं ते आज कळत होतं.

गार्डने हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं. मग जाळीतून परीक्षितला विचारलं, "ती कुठे चाललीये?"

"डगला भेटायला."

"त्याला माहीत आहे?"

"अजून नाही," परीक्षित म्हणाला.